हानलेची रात्र आणि थुंग-थुंग

लडाखला जाऊन आले म्हटलं की होस्टेलवर दोन प्रश्न ठरलेले असतात. मुली विचारतात, ''पँगाँगला फोटो काढलास ना?'' आणि बुलेटवाले विचारतात, ''उमलिंग-ला केलंस का?'' मी दोन्हींना 'नाही' म्हणते. मग समोरच्याच्या चेहऱ्यावर सरळ सरळ लिहिलेलं दिसतं की, मग बाई तू एवढे पैसे घालून गेलीस तरी कशाला? प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देऊन कंटाळा आला, म्हणून म्हटलं एकदाचं मासिकातच लिहून टाकावं. मी एक पक्षी बघायला गेले होते. चार दिवस तोच बघितला आणि परत आले.

यात माझं कर्तृत्व काही नाही. सगळा दोष मामाचा. मामा बँकेत होता. व्हीआरएस घेतल्यापासून त्याला पक्ष्यांचं वेड लागलंय. घरात मामीपेक्षा दुर्बिणीला जास्त जपतो असं मामीच म्हणते. सहाव्या सेमिस्टरची परीक्षा संपली त्या संध्याकाळी त्याचा फोन आला, ''हानलेला येतेस का? आम्ही दोघं चाललोय, गाडीत एक जागा रिकामी आहे.'' हानले कुठे आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं. पण सबस्टेशनच्या व्हायवानंतर माणूस कुठेही जायला तयार असतो!

तर हानले. लेहपासून अडीचशे किलोमीटरहून जास्त. उंचीची सवय व्हावी म्हणून आधी लेहमध्ये दोन दिवस नुसतं झोपून काढायचं, परमिट करायचं आणि मग सिंधू नदीच्या कडेकडेनं निघायचं. चुमाथांग, माहे, न्योमा करत लोमापर्यंत सिंधूची सोबत असते. लोमाला हानले नदी सिंधूला मिळते. तिथून सिंधूला सोडायचं आणि या छोट्या नदीचा हात धरून वर वर जायचं. शेवटी एक रुंद, सपाट खोरं लागतं, उंची सव्वाचार हजार मीटर. म्हणजे आपलं कळसूबाई एकावर एक असं अडीच वेळा रचलं तर तिथवर पोचेल.

हे वाळवंट आहे. वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उंट आणि घाम येतो, इथे जूनमध्येही रात्री दोन दोन रजया लागतात. पण हिशेब पावसाचा असतो. लेहला वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पडतो. मुंबईत जुलैमध्ये तेवढा एका दिवसात पडतो आणि लोकल बंद होतात. चहूबाजूंना तपकिरी, जांभळे, उघडेबोडके डोंगर, झाड औषधालाही नाही. आणि मधोमध बर्फाच्या पाण्यावर जगणारी हिरवीगार पाणथळ. कोणीतरी तपकिरी शालीवर हिरवा रुमाल टाकावा तशी. त्या रुमालावर सगळं खोरं जगतं: चांगपा लोकांच्या पश्मिना बकऱ्या, याक, कियांग म्हणजे तिथली रानगाढवं, आणि पक्षी.

मी कॉन्व्हेंटची. त्यामुळे माझे सगळे पक्षी इंग्रजीतले. पहिल्याच सकाळी पाण्यावर नारिंगी रंगाची बदकांची जोडी दिसली. मी म्हटलं, ''मामा, रडी शेलडक!'' मामा म्हणाला, ''चक्रवाक म्हण की.'' चक्रवाक! आजीच्या गोष्टीत रात्री ताटातूट होऊन नदीच्या दोन काठांवरून एकमेकांना हाका मारणारं ते जोडपं. मला वाटायचं गरुडा-जटायूसारखं ते पण पुराणातलंच असणार. ते खरंखुरं माझ्यासमोर चिखलात चोच घालून बसलं होतं. मग बार-हेडेड गूज दिसला. मामा म्हणाला, ''पट्टकादंब. हिवाळ्यात आपल्या भिगवणला येतात ना, तेच.'' उजनीच्या पाण्यावर जे पाहुणे म्हणून येतात, त्यांच्या जातीचं बाळंतपणाचं घर हे असं असतं तर! पुणे-सोलापूर रस्त्यावरून मी कितीदा गेलेय. भिगवणला फक्त मासे खाल्लेत.

पण मामा ज्याच्यासाठी आला होता तो पक्षी वेगळा. काळ्या मानेचा क्रौंच, ब्लॅक-नेक्ड क्रेन. लडाखी लोक त्याला 'थुंग-थुंग' म्हणतात. त्याच्या आवाजावरूनच हे नाव पडलं असावं असं ऐकल्यावर लगेच पटतं. उभा राहिला की माणसाच्या छातीपर्यंत येतो. वजन पाच ते सात किलो. पंख पसरले की सव्वादोन मीटरच्या आसपास, म्हणजे आमच्या रूममधल्या कॉटपेक्षा लांब. अंग राखट पांढरं, मान आणि डोकं काळं, डोक्यावर लाल टिकली. जगात क्रौंचांच्या पंधरा जाती आहेत. त्यांतली शास्त्रज्ञांना सगळ्यांत शेवटी कळलेली ही. प्रझेवाल्स्की या रशियन प्रवाशानं १८७६ मध्ये तिची नोंद केली. कारण उघड आहे. बाकीचे क्रौंच माणसाच्या वाटेवर राहतात आणि हा तिबेटच्या पठारावर, जिथे माणूस श्वास घ्यायला थांबतो तिथे.

भारतात ही जात अंडी घालते ती फक्त लडाखमध्ये. एप्रिलच्या सुमारास येतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघून जातात. जगभरात मिळून त्यांची संख्या दहा हजारांच्या वर आहे आणि २०२० मध्ये आययूसीएननं त्यांना एक पायरी कमी धोक्याच्या यादीत आणलं, ही चांगली बातमी. पण त्यातले बहुतेक सीमेपलीकडे. लडाखमधल्या गणनांमध्ये आकडा शंभराच्या आगेमागे राहिलेला आहे. आपल्या एका होस्टेल विंगमध्ये त्यापेक्षा जास्त माणसं राहतात! २०२१ मध्ये लडाखनं त्याला आपला राज्यपक्षी केलं.

यात एक मराठी माणूसही आहे हे मामानं सांगितलं तेव्हा मला फार बरं वाटलं. पुण्याच्या इकॉलॉजिकल सोसायटीचे संस्थापक प्रकाश गोळे. १९८० च्या दशकात, म्हणजे तिकडे होमस्टे, मोबाइल असलं काही नव्हतं तेव्हा, ते लडाखमध्ये आणि पुढे भूतानमध्ये याच पक्ष्याचा अभ्यास करत हिंडत होते. २०१३ मध्ये ते गेले. आपल्या लायब्ररीत जीआरईच्या गाइडच्या आठ प्रती आहेत, त्यांचं एकही पुस्तक नाही. लायब्रेरियन सर, हे वाचत असाल तर कृपया मनावर घ्या.

आता हानलेच्या रात्रीबद्दल. कारण मला जे सांगायचंय ते त्या रात्रीतून निघालं.

हानलेला डोंगरावर साडेचार हजार मीटरवर भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे. तिथली दोन मीटरची हिमालयन चंद्रा दुर्बीण शास्त्रज्ञ बंगळूरजवळच्या होसकोटेहून उपग्रहामार्फत चालवतात. आयआयटी मुंबईच्या सहभागानं उभी केलेली 'ग्रोथ-इंडिया' ही आपोआप चालणारी दुर्बीणही तिथेच आहे. आणि २०२४ मध्ये उद्घाटन झालेली, २१ मीटर व्यासाची, आपल्या बीएआरसीची 'मेस' दुर्बीणसुद्धा. (मेस म्हटल्यावर होस्टेलवाल्यांनी दचकू नये, ही वेगळी.) या सगळ्या यंत्रांना एकच गोष्ट लागते, अंधार. म्हणून डिसेंबर २०२२ मध्ये वेधशाळेभोवतीचा १,०७३ चौरस किलोमीटरचा टापू 'डार्क स्काय रिझर्व्ह' म्हणून जाहीर झाला. अंधाराचं अभयारण्य!

जाहीर करणं सोपं असतं. मला आवडलं ते पुढचं. कोणीतरी बसून विचार केला की अंधार वाचवायचा म्हणजे नेमकं कोणी काय करायचं? आणि साधे साधे नियम निघाले. बाहेरचा दिवा पिवळसर आणि खाली तोंड केलेला. खिडक्यांना जाड पडदे. रात्री गाडीचा हाय बीम बंद. गावातल्या दोनेक डझन लोकांना दुर्बिणी आणि प्रशिक्षण दिलं, त्यांत बऱ्याचशा बायका. पर्यटकांना आकाश दाखवायचं आणि त्याचे पैसे मिळवायचे. आम्ही राहिलो त्या घरातल्या ताई (त्यांना 'आचे-ले' म्हणायचं, म्हणजे ताई) सूर्य मावळला की पहिलं काम पडदे ओढायचं करत. एका दिल्लीच्या पाहुण्यानं अंगणात हेडलाइट लावून सामान उतरवायला सुरुवात केली, तर आचे-ले तरातरा बाहेर गेल्या आणि हसतच म्हणाल्या, ''लाइट बंद करो जी, ऊपर साइंटिस्ट लोग डाँटेगा.'' शेजारच्या घरातली माझ्याच वयाची मुलगी आम्हाला शनीची कडी दाखवत होती आणि दर दहा मिनिटांनी मोबाइलचे स्क्रीन बंद करायला लावत होती. आपल्याकडे वॉर्डन मॅडमनी अकरानंतर दिवे बंद करायला सांगितलं तर मोर्चा निघतो. इथे अख्खं गाव ऐकत होतं, कारण काय करायचं ते प्रत्येकाला नेमकं माहीत होतं आणि त्यात प्रत्येकाचा फायदाही होता.

आकाशाबद्दल मी लिहीत नाही. ते लिहिता येत नाही. मामी एकदाच ''अगं बाई'' म्हणाली आणि अर्धा तास गप्प बसली. आमच्या घरात ही ऐतिहासिक घटना आहे.

आता दुसऱ्या सकाळची गोष्ट. पाणथळीच्या पलीकडच्या अंगाला क्रौंचांची एक जोडी होती आणि सोबत एक पिल्लू. तांबूस-तपकिरी, बदकाच्या पिल्लाएवढं, आईच्या पायांच्या काठ्यांमधून चाललेलं. आम्ही रस्त्यावरूनच, दुर्बिणीतून बघत होतो. जवळ जायचं नाही हा मामाचा कायदा. क्रौंच उथळ पाण्यातल्या बेटासारख्या उंचवट्यावर घरटं करतात. सहसा दोन अंडी, महिनाभर उबवायची, आणि पिल्लाला उडता यायला पुढचे सुमारे तीन महिने. दोनांतलं बहुतेक वेळा एकच पिल्लू जगतं. उन्हाळा इतका छोटा की सगळं टाइमटेबल घट्ट बसवलेलं. एकही दिवस वाया घालवायला जागा नाही. घरट्याभोवतीचं पाणी हाच त्यांचा किल्ल्याचा खंदक. कोल्ह्याला ओलं व्हायला आवडत नाही.

कुत्र्यांना चालतं. साडेसातच्या सुमारास तीन कुत्री आली. गावाकडून नाही, रस्त्याकडून. चांगली धष्टपुष्ट, केसाळ. आधी काठाकाठानं हुंगत आली, मग एक पाण्यात शिरलं. पोटापर्यंत पाणी. नर क्रौंचानं मान ताठ केली आणि तो पळाला नाही, उलट त्यांच्या दिशेनं चालत गेला. पंख अर्धे उघडून, एकेक पाऊल मोजत. मादी पिल्लाला घेऊन उंच गवतात सरकली. कुत्रं थांबलं. नर थांबला. माझा हात दुर्बिणीवर इतका घट्ट होता की नंतर बोटं दुखत होती. ''मामा, आपण काहीतरी करू या ना, हॉर्न तरी वाजव!'' मामा म्हणाला, ''हॉर्न वाजवला तर आधी पक्षी उडेल, आणि पिल्लू उघड्यावर राहील.'' मिनिटभर असंच गेलं. मग कुत्रं वळलं, अंग झाडलं आणि तिघं निघून गेली. मी सुटकेचा श्वास सोडला. आचे-लेंनी नंतर चहा ओतता ओतता शांतपणे सांगितलं, ''रोज आता है. बच्चा को खा जाता है.''

ही कुत्री आली कुठून? पूर्वी चांगपांच्या तांड्यांबरोबर राखणीची थोडी कुत्री असायची. आता रस्ते झाले, छावण्या झाल्या, मजुरांचे तळ आणि आमच्यासारखे पर्यटक आले. बीआरओनं २०२१ मध्ये उमलिंग-लाचा १९,०२४ फुटांवरचा रस्ता पूर्ण केला तेव्हापासून तिकडे जाणारे बुलेटवाले हानलेत मुक्काम करतात. सगळ्यांचं उष्टं, मॅगी, हाडं कुठे ना कुठे टाकली जातात. त्या थंडीत अन्न कुजत नाही, तसंच पडून राहतं. म्हणजे कुत्र्यांना बाराही महिने मेस चालू. हिवाळ्यात जी मरायची ती जगतात आणि उन्हाळ्यात कळप करून रानात फिरतात. अंडी, क्रौंचांची पिल्लं, कियांगची शिंगरं, अगदी पश्मिनाच्या बकऱ्याही. कुत्र्यांची नसबंदी करतात, ती करायलाच हवी. पण अन्न उघड्यावर पडतंय तोवर ते गळक्या टाकीखाली बादली लावण्यासारखंच.

आणि इथे माझ्या डोक्यात प्रश्न आला. हा सगळा टापू १९८७ पासून चांगथांग शीत वाळवंट अभयारण्य आहे. म्हणजे क्रौंचाला संरक्षण मिळून जवळपास चाळीस वर्षं होत आली, अंधाराला मिळून थोडीच. तरी अंधार नीट सांभाळला जातोय आणि क्रौंच रोज सकाळी कुत्र्यासमोर एकटा उभा राहतोय. असं का? लोकांना पक्षी नकोत असं मुळीच नाही. बौद्ध लोक, कोणी त्याला दगडही मारत नाही, तो दिसला की शुभ मानतात. फरक एवढाच की अंधाराच्या बाबतीत कोणता बल्ब, कोणता पडदा, कोणता बीम इथपर्यंत कोणीतरी लिहून दिलं. क्रौंचाच्या बाबतीत नकाशावर हद्द आखली गेली आणि त्या हद्दीतला कचऱ्याचा डबा कुत्र्याला उघडता येणार नाही असा असावा हे ठरवायचं राहूनच गेलं. गाडी पाणथळीपासून किती मीटरवर थांबवायची, होमस्टेनं उष्टं कुठे टाकायचं, ते कोण कधी उचलणार? फार मोठ्या गोष्टी नाहीत या. आपल्या भाषेत सांगायचं तर पॉलिसी झाली, स्पेसिफिकेशन झालं नाही.

ऑक्टोबरमध्ये मामानं आचे-लेंना फोन केला होता. थुंग-थुंग गेले का, म्हणून. त्या म्हणाल्या, ती जोडी गेली. दोघंच. पिल्लू ऑगस्टपासूनच दिसत नव्हतं. कुत्रा की कोल्हा, कोणी बघितलं नाही. मामानं मला हे सांगितलं तेव्हा मी मेसच्या रांगेत उभी होते. त्या दिवशी पनीर होतं, तरी जेवले नाही.

आता म्हणाल, कुत्र्यांचं आणि कचऱ्याचं बघायला नगरपालिका आहे, आपण इंजिनियर काय करणार? थांबा, खरा आपला भाग पुढेच आहे.

लडाखमध्ये ऊन भरपूर आणि आकाश स्वच्छ. म्हणून तिथे १३ गिगावॅटचा सौर-पवन प्रकल्प ठरलाय. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं त्याच्या पारेषणाला मंजुरी दिली. खर्च २०,७७३.७० कोटी रुपये, पांगपासून हिमाचल, पंजाबमार्गे हरियाणातल्या कैथलपर्यंत ७१३ किलोमीटर लाइन, त्यातली ४८० किलोमीटर एचव्हीडीसी. २०२९-३० पर्यंत पूर्ण करायचं लक्ष्य. इलेक्ट्रिकलच्या मुलांनो, हे आपल्या पिढीचं काम आहे. एवढ्या उंचीवर इतकी मोठी लाइन! मला तर वाचतानाच अंगावर काटा आला. आणि हा प्रकल्प नको असं मी अजिबात म्हणत नाही. कोळसा जाळून हवा तापली तर हिमनद्या आटणार आणि हिमनद्या आटल्या तर हानलेची पाणथळही आटणार. सूर्याची वीज हवीच आहे.

पण पांग मोरे मैदानाच्या एका टोकाला आहे आणि दुसऱ्या टोकापासून जवळच त्सो कार हे सरोवर आहे. २०२० पासून रामसर स्थळ, क्रौंचांच्या विणीच्या जागांपैकी एक. मुख्य लाइन दक्षिणेला जाईल, ठीक. पण पॅनेलपासून पांगपर्यंत वीज आणणाऱ्या लाइन्स, सबस्टेशनला जाणाऱ्या, गावोगाव पोचणाऱ्या ११ केव्हीच्या तारा? त्या कोणत्या पाणथळीच्या कडेनं जातील हे कोणीतरी टेबलावर बसून, पेन्सिलनं आखणार आहे.

क्रौंचाला तार दिसत नाही का? हा प्रश्न मलाही पडला होता. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दक्षिण आफ्रिकेतले निळे क्रौंच, माळढोकाच्या कुळातला कोरी बस्टर्ड आणि पांढरा करकोचा यांची दृष्टी मोजली. या पक्ष्यांच्या डोळ्यांची रचना अशी की उडताना खाली बघायला मान जरा वाकवली की समोरचं दिसेनासंच होतं. हजारो वर्षं आकाशात समोर काही आडवं नव्हतं, मग समोर बघायचं कशाला? त्यात अंग जड, ऐनवेळी वळता येत नाही. आणि सगळ्यांत घातक कोणती तार, तर सगळ्यांत वरची, बारीक अर्थ वायर. विजेपासून लाइनला वाचवायला आपण जी बसवतो ती. जाड कंडक्टर दिसला म्हणून पक्षी वर उठतो आणि नेमका तिच्यावर आदळतो. राजस्थानात थारच्या ४,२०० चौरस किलोमीटरमध्ये तारांमुळे वर्षाला सुमारे ८४ हजार पक्षी मरतात असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे. माळढोकासाठी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०२१ मध्ये तारा जमिनीखाली घालायचा आदेश झाला आणि २०२४ मध्ये, सगळ्याच तारा खाली घालणं तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही म्हणून, तो बदलून तज्ज्ञांची समिती नेमली गेली. आपला नान्नजचा माळढोक तर जवळजवळ फोटोतच उरलाय. लाइन आधी उभी राहिली आणि पक्ष्याचा विचार कोर्टात झाला. लडाखमध्ये अजून क्रम उलटा करता येईल.

उलटा क्रम करून दाखवलाय भूताननं. फोब्जिखा नावाच्या खोऱ्यात हेच काळ्या मानेचे क्रौंच हिवाळ्यात उतरतात. तिथे २०११ मध्ये वीज पोचली ती ऑस्ट्रियाच्या मदतीनं जमिनीखालच्या केबलनं. खोरं छोटं म्हणून परवडलं. प्रत्येक ठिकाणी ते जमणार नाही, भूमिगत केबलचा खर्च आपण सगळ्यांनी युनिट चारमध्ये पाठ केलाय. जिथे नाही जमणार तिथे अर्थ वायरवर खुणा लटकवता येतात. अमेरिकेत कोलोरॅडोत सॅन लुइस नावाचं असंच उंचावरचं, कोरडं, डोंगरांनी वेढलेलं खोरं आहे. तिथे १९९० च्या सुमारास अशा खुणा लावून बघितल्या, तर क्रौंच आणि पाणपक्ष्यांचे मृत्यू सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाले. प्लास्टिकच्या चकत्या आणि वेटोळी! काही रॉकेट सायन्स नाही.

मी हा विषय फायनल इयर प्रोजेक्टसाठी दिला. आमच्या गाइड सरांनी फॉर्म दोनदा वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, ''विषय चांगला आहे. पण यात इलेक्ट्रिकल काय आहे?'' प्रश्न योग्य होता. मी पुढचे पंधरा दिवस उत्तर शोधण्यात घालवले. हजारो चकत्या लटकवल्या की वाऱ्याचा दाब वाढतो. त्यांवर बर्फ जमतं, वजन वाढतं, सॅग वाढतो, म्हणजे टॉवरची उंची किंवा स्पॅन बदलावा लागतो. जास्त व्होल्टेजच्या कंडक्टरवर त्या लावल्या तर कोरोना होतो, म्हणून अर्थ वायरच बरी. साडेचार हजार मीटरवर हवा विरळ, समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे वाऱ्याचा दाब कमी होतो खरा, पण हवेची इन्सुलेशन म्हणून ताकदही कमी होते आणि क्लिअरन्स वाढवावे लागतात. म्हणजे पुस्तकातलं कोष्टक जसंच्या तसं चालत नाही, गणित नव्यानं करावं लागतं. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, ''ठीक आहे. पण सॅगचं गणित हातानं करायचं, सॉफ्टवेअर नंतर.'' तर सध्या मी ते करतेय. रूममेटच्या मते माझ्या टेबलावर इतके पॅराबोला आहेत की आता तिथे कपडे वाळत घालता येतील.

गंमत बघा. ट्रान्समिशनच्या पेपरात आपण तारेवर येणारं सगळं शिकतो. वारा, बर्फ, वीज, तापमान, अगदी भूकंपसुद्धा. लाइन पन्नास वर्षं टिकली पाहिजे म्हणून प्रत्येकाचा फॅक्टर ऑफ सेफ्टी. त्या हवेतून आधीपासून कोणीतरी जातंय, हे मात्र सिलॅबसमध्ये नाही. कोणी मुद्दाम वगळलंय असंही नाही. विचारायचं कोणाला सुचलं नाही, एवढंच. अंधाराच्या बाबतीत खगोलशास्त्रज्ञांना सुचलं, कारण त्यांना त्याची गरज होती. क्रौंचाची गरज आपल्या परीक्षेला नाही, प्लेसमेंटला तर नाहीच नाही. म्हणून ते आपण होऊनच सुचवून घ्यावं लागणार.

आपल्यातले कितीतरी जण पॉवर सेक्टरमध्ये जाणार, सिव्हिलवाले रस्ते बांधणार, मेकॅनिकलवाल्यांना कचऱ्याच्या डब्यासारखी हलकी वस्तू डिझाइन करायला कमीपणा वाटणार. वाटू नये. कुत्र्याला उघडता येणार नाही, उणे पंचवीसमध्ये तडकणार नाही आणि हातमोजे घातलेल्या बाईला एका हातानं उघडता येईल असं झाकण कोणी करून दाखवलं, तर आचे-ले त्याला आयुष्यभर बटर टी पाजतील. (तो खारट असतो, आधीच सांगते.)

आणि लाइनची पेन्सिल ज्याच्या हातात पडेल त्याला एक विनंती. अलाइनमेंट फायनल करायच्या आधी एकदा जूनमध्ये तिकडे जाऊन ये. परमिट लेहला मिळतं, रात्री हाय बीम लावू नकोस, मॅगीचं पाकीट परत आण. दुर्बीण मी देईन. मामाची आहे, पण विचारून ठेवलंय.

– टी. ई. इलेक्ट्रिकलमधून नुकतीच बी. ई.ला गेलेली एक, लेडीज होस्टेल